रेफरल मागण्याआधी तो चौकोन डोळ्यांसमोर आणा

आमच्या कंपनीत कुणाला रेफर करायचं असलं, म्हणजे रिकाम्या जागेसाठी कुणाचं नाव सुचवायचं असलं, की पोर्टलवर एक छोटा फॉर्म उघडतो. नाव, ईमेल, जॉब आयडी, रेझ्युमे. एवढं दोन मिनिटांत भरून होतं. मग खाली एक मोठा रिकामा चौकोन येतो: ‘या व्यक्तीला तुम्ही कसं ओळखता? तिच्या कामाबद्दल काय सांगाल?’ तिथे कर्सर लुकलुकत राहतो आणि मी कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसून राहते.

गेल्या वर्षी एका अनोळखी मुलाचा लिंक्डइनवर मेसेज आला. ‘मॅम, तुमच्याकडे पीएमची जागा निघाली आहे, प्लीज रेफर करा.’ (पीएम म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजर, प्रॉडक्टमध्ये आधी काय करायचं आणि काय नको हे ठरवणारा.) सोबत रेझ्युमे. मुलगा मेहनती दिसत होता, मला नाही म्हणवेना. भिडेखातर फॉर्म उघडला आणि त्या चौकोनापाशी अडकले. काय लिहिणार? शेवटी खरं होतं तेच लिहिलं: ‘प्रत्यक्ष ओळख नाही. लिंक्डइनवरून संपर्क झाला. रेझ्युमे चांगला वाटला.’ चौथ्या दिवशी त्याला नकाराचा ईमेल गेला. त्याने मला विचारलं, ‘मॅम, रेफरल असूनही?’

रेफरल होतंच कुठे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याला तरी कोण सांगणार? पीएमची नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो, ‘रेफरल मिळव’, आणि तिथे सल्ला संपतो. मी स्वतः याच समजुतीत कित्येक महिने घालवले आहेत. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

माझी पाच वर्षं कस्टमर सपोर्टमध्ये गेली. तिथून प्रॉडक्टमध्ये यायची धडपड चालू होती तेव्हा मी एक शीट ठेवली होती. कंपन्यांच्या वेबसाइटवरून थेट केलेले अर्ज ६३, त्यातून आलेले फोन दोन. रेफरलने गेलेले अर्ज ११, त्यातून फोन पाच. हे एका बाईच्या एका शोधाचे आकडे, त्यातून नियम काढू नका. मला खरं शिकवलं ते त्या ११ ओळींनी. पाच फोन आले ते पाचही अशा लोकांच्या रेफरलमधून, ज्यांनी माझ्याबरोबर काम केलं होतं. उरलेली सहा रेफरल ओळखीच्या ओळखीतून मिळवलेली होती. तिकडे शुकशुकाट.

रेफरलने नेमकं होतं काय?

मराठीत ‘शब्द टाकणं’ म्हणतात ना, ते हे. वशिला वेगळा. वशिल्यात काम परस्पर होतं. रेफरलमध्ये तुमच्यासाठी शब्द टाकला जातो आणि पुढचं सगळं तुम्हालाच निभवावं लागतं.

कंपन्या अर्ज सांभाळायला जे सॉफ्टवेअर वापरतात त्यात प्रत्येक अर्जासमोर तो कुठून आला याची नोंद असते: करिअर पेज, लिंक्डइन, एजन्सी, रेफरल. रिक्रूटर, म्हणजे भरतीचं काम बघणारा, या नोंदीवरून यादी गाळू शकतो. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज पडलेले असतात तेव्हा आधी कोणते उघडायचे हा त्याचा रोजचा प्रश्न. रेफरलचे आधी उघडले जातात, कारण आपल्याच माणसाने पाठवलेल्याला उत्तर द्यावं लागतं, नाहीतर तो माणूस उद्या कॉरिडॉरमध्ये गाठून विचारणार. म्हणजे रेफरलने पहिली गोष्ट मिळते ती ही, की तुमचा रेझ्युमे एक जिवंत माणूस वाचतो. दुसरी गोष्ट त्या चौकोनातल्या मजकुरावर अवलंबून. तो दमदार असेल तर रिक्रूटर तो हायरिंग मॅनेजरला (ज्याच्या टीममध्ये जागा आहे त्याला) दाखवतो आणि फोन येतो.

तिथून पुढे रेफरलची सत्ता संपली. प्रॉडक्ट सेन्सचा (वापरणाऱ्याला काय हवंय ते ओळखण्याचा) राउंड, मेट्रिक्सचा (काम जमलं की नाही ते आकड्यांवरून मोजण्याचा) राउंड, ‘इंजिनीअरशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत’ हे सगळं इतरांसारखंच. रेफरलवर आलेले लोक पहिल्याच राउंडला पडलेले मी पॅनलवर बसून पाहिले आहेत, आणि त्यातल्या एकाला तर मीच आणलं होतं.

हे सगळ्याच नोकऱ्यांना लागू आहे, पण पीएमच्या बाबतीत जरा जास्त. एक तर जागाच कमी. आठ-दहा इंजिनीअरांच्या टीमला एक पीएम असतो, आणि ठरावीक पदवी लागत नसल्यामुळे त्या एका जागेवर इंजिनीअर, एमबीए, डिझायनर, कन्सल्टंट, माझ्यासारखे सपोर्टवाले सगळेच अर्ज करतात. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डिझायनर पोर्टफोलिओ दाखवतो. इंजिनीअर कोड दाखवतो. पीएम काय दाखवणार? त्याचं काम म्हणजे निर्णय. हे आधी करू, ते नको, हे दोन आठवडे पुढे ढकलू. ते निर्णय मीटिंगांत झालेले असतात आणि त्यांची कागदपत्रं जुन्या कंपनीच्या कुलुपात. रेझ्युमेवर तर सगळेच ‘विविध टीम्सशी समन्वय साधून उपक्रम यशस्वीपणे राबवला’ असं लिहितात. तुम्ही खरंच राबवला की तुम्ही फक्त त्या मीटिंगला हजर होता, हे कागदावरून कळायला मार्ग नाही. कळतं ते त्या खोलीत बसलेल्या दुसऱ्या माणसाकडून. पीएमला शिफारशीपेक्षा साक्षीदार लागतो.

साक्षीदार कोण, हे ठरवताना बहुतेक जण चुकतात. मीही चुकले. मला वाटायचं, पीएम व्हायचंय तर पीएमने रेफर करायला हवं, आणि पीएम जितका वरचा तितकं बरं. म्हणून मी अनोळखी सीनिअर पीएमना मेसेज करत बसले आणि शेजारच्या टेबलावरचा टेस्टर दुसऱ्या कंपनीत गेला होता, त्याची मला आठवणही झाली नाही. वास्तविक व्हीपीच्या (व्हाइस प्रेसिडेंटच्या) ‘रेझ्युमे पाठवतोय, बघून घ्या’पेक्षा तुमच्याबरोबर दोन रिलीज, म्हणजे प्रॉडक्टच्या दोन नव्या आवृत्त्या, काढलेल्या टेस्टरची चार वाक्यं जड भरतात. इंजिनीअरने पीएमसाठी शब्द टाकला तर मी स्वतः तो अर्ज थांबून वाचते. इंजिनीअर सहसा पीएमबद्दल चांगलं बोलत नाहीत (आणि त्यात त्यांची फार चूक असते असंही नाही), त्यामुळे त्यांनी स्तुती केली तर काहीतरी असतं.

आता यादी कशी करायची

एक शीट उघडा, पण कंपन्यांची नावं लिहायला घेऊ नका. आधी तुमची जुनी कामं लिहा, एकेक प्रोजेक्ट. प्रत्येकापुढे त्या कामात कोण कोण होतं ते आठवून लिहा: डेव्हलपर, टेस्टर, डिझायनर, सेल्समधला तो सारखा फोन करणारा, क्लायंटच्या बाजूची बाई, डेटा काढून देणारा. मग ते सगळे आज कुठे आहेत ते बघा. माझ्या यादीत ४० च्या वर नावं निघाली आणि त्यातले अर्ध्याहून अधिक लोक दुसऱ्या कंपन्यांत पोचले होते. रोज ज्यांच्याशी बोलत होते ते माझ्याच कंपनीत होते, म्हणजे या कामापुरते निरुपयोगी.

यामागे एक जुनं संशोधनही आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक शोधनिबंध लिहिला. त्यासाठी त्याने नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ही नोकरी तुम्हाला कुणाकडून कळली आणि त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १६.७ टक्के लोक त्या माणसाला वारंवार भेटणारे निघाले. ५५.६ टक्के अधूनमधून भेटणारे आणि २७.८ टक्के क्वचितच. कारण सोपं आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवीन बातमी दूरच्याकडून येते. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटींहून अधिक लोकांवरचा अभ्यास आला, त्यातही साधारण हेच दिसलं, पण एक बारीक फरक होता. अगदीच तुटक ओळखीपेक्षा मध्यम दुरावलेल्या ओळखी जास्त कामाच्या. थोडक्यात, पूर्ण अनोळखीही नको आणि रोजचा सोबतीही नको. दोन वर्षांपूर्वी एकत्र काम केलेला तो टेस्टर बरोब्बर या पट्ट्यात बसतो.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे आणखी एक रकाना करा: ‘याने माझं काय पाहिलंय?’ तिथे एक प्रसंग लिहिता आला पाहिजे. ‘छान बोलायचो’ हा प्रसंग नव्हे. काहीच सुचत नसेल तर ते नाव रेफरलसाठी वापरू नका, माहिती विचारायला वापरा.

हा रकाना भरताना मला एक अप्रिय गोष्टही कळली. दोन-तीन नावांपुढे मला आठवलेला प्रसंग माझ्या बाजूने चांगला नव्हता. एका डेव्हलपरवर मी एका ग्राहकाच्या तक्रारीवरून सगळ्यांदेखत चढले होते. त्याला मेसेज केला नाही. फॉर्मवर बऱ्याच ठिकाणी ‘तुम्ही यांच्याबरोबर पुन्हा काम कराल का’ असंही विचारतात.

अर्ज आधी करू नका

हे ठळक अक्षरात लिहायला हवं. मला एक जागा मनापासून आवडली होती. रात्री साडेअकरा वाजता जाहिरात दिसली, उत्साहाच्या भरात तिथल्या तिथे अर्ज ठोकला. सकाळी आठवलं की आमची जुनी डिझायनर तिथेच आहे. तिला फोन केला, ती आनंदाने तयार झाली, तिने फॉर्म भरला आणि सिस्टिमने सांगितलं: हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे. अर्ज ‘करिअर पेज’ या नोंदीखाली गेला होता तो तसाच राहिला. तिने रिक्रूटरला वेगळा ईमेल टाकला, त्याचं उत्तर आलं नाही. काही कंपन्यांत नंतरही रेफरल जोडता येतं, पण बऱ्याच ठिकाणी जो मार्ग आधी नोंदला गेला तोच कायम धरतात. तेव्हा जागा दिसली की आधी तुमची शीट उघडा. दोन-तीन दिवस थांबा. त्याहून जास्त मात्र थांबू नका, कारण चांगल्या जागेवर पुरेसे उमेदवार जमले की रिक्रूटर पुढचे अर्ज उघडतच नाही.

जाता जाता दोन किरकोळ गोष्टी, ज्यांनी लोकांचे अर्ज अडकलेले मी पाहिले आहेत. रेफर केल्यावर बहुतेक वेळा तुम्हाला एक ईमेल येतो आणि त्यातल्या लिंकवरूनच अर्ज पुरा करायचा असतो. तो स्पॅममध्ये जातो, आणि रेफर करणारा समजतो की झालं काम. आणि ईमेल आयडी सगळीकडे एकच वापरा, नाहीतर सिस्टिमच्या लेखी तुम्ही दोन माणसं होता.

एका कंपनीत एकाच वेळी सहा जागांसाठी रेफर करायला सांगू नका. एक, फार तर दोन. सहा जागा मागणारा माणूस ‘काहीही चालेल’ म्हणतो असं दिसतं, आणि ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्याला प्राधान्यक्रम ठरवायची नोकरी कोण देणार?

मेसेज

तो चौकोन भरायचं काम समोरच्याचं आहे, पण त्यासाठीचा माल तुम्ही पुरवायचा. मी त्या टेस्टरला पाठवलेला मेसेज जवळपास असा होता. तुम्ही इंग्रजीत पाठवलात तरी बांधणी हीच ठेवा.

‘हाय, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. इन्व्हॉइसच्या रिलीजवर आपण बरोबर होतो, ती डाउनलोडची भानगड तुला आठवत असेलच. तुझ्या कंपनीत बिलिंग टीमला पीएम हवा आहे असं दिसलं, लिंक आणि जॉब आयडी खाली देतेय. माझं सपोर्टमधलं बरंचसं काम बिलिंगवरच झालंय, त्यामुळे ही जागा मला जुळेल असं वाटतं. तू माझं काम जवळून पाहिलंयस. त्यावर चार ओळी लिहाव्यात असं तुला मनापासून वाटत असेल तर रेफर करशील का? नसेल वाटत किंवा सध्या जमत नसेल तर सरळ सांग, मला वाईट वाटणार नाही. अजून अर्ज केलेला नाही, शुक्रवारपर्यंत थांबते.’

यात शेवटची तीन वाक्यं मी सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहिली. ‘सरळ सांग’ हे महत्त्वाचं. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली नाही तर माणूस भिडेने हो म्हणतो आणि चौकोनात ‘चांगली सहकारी होती’ एवढंच लिहून मोकळा होतो. कोमट रेफरलपेक्षा नकार परवडला, निदान ती जागा दुसऱ्या कुणाकडून मागता येते. रेफर केलेला माणूस रुजू झाला आणि काही महिने टिकला की बऱ्याच कंपन्या रेफर करणाऱ्याला बोनस देतात. म्हणून हो म्हणणारे भरपूर भेटतात. त्या होकाराने हुरळून जाऊ नका.

मेसेजसोबत तीन गोष्टी द्या: रेझ्युमेची पीडीएफ, जागेची लिंक, आणि कॉपी करून चिकटवता येईल असा मजकूर. तिसऱ्या गोष्टीची लोकांना लाज वाटते. ‘स्वतःची स्तुती स्वतःच लिहून द्यायची?’ स्तुती लिहू नका, घडलं ते लिहा, समोरच्याच्या जागेवरून. मी दिलेला मजकूर हा:

‘आम्ही दोन वर्षं एकाच प्रॉडक्टवर होतो, ती सपोर्टमध्ये आणि मी टेस्टिंगमध्ये. इन्व्हॉइस डाउनलोड होत नाही अशी तक्रार सतत यायची. तिने तीन आठवड्यांची तिकिटं एकेक वाचून दाखवून दिलं की डाउनलोड चालतंय, लोकांना बटणच सापडत नाहीये. नवीन फीचर बनवायचं घाटत होतं, तिने ते थांबवून फक्त बटणाची जागा बदलायला लावली. रिलीजनंतर त्या प्रकारची तिकिटं आठवड्याला ४० वरून ९ वर आली.’

(तिकीट म्हणजे सपोर्टकडे आलेल्या एका तक्रारीची नोंद.) यात ‘मेहनती’, ‘धडाडीची’, ‘टीम प्लेअर’ असा एकही शब्द नाही. एक अडचण, त्यावर मी केलेलं काम, टाळलेलं काम आणि आकडा. टाळलेल्या कामाचा उल्लेख मी मुद्दाम ठेवला होता, कारण पीएमने काय करायचं नाही ते ठरवलं ही गोष्ट हायरिंग मॅनेजरच्या लगेच नजरेत भरते. आणि आकडा असा द्या, जो साक्षीदाराला स्वतःला माहीत आहे. त्याला उद्या कुणी विचारलं तर त्याची पंचाईत व्हायला नको.

टेस्टरने तो मजकूर घेतला, थोडा स्वतःच्या भाषेत बदलला आणि शेवटी एक वाक्य आपल्या मनाने घातलं. मला ते पहिल्या इंटरव्ह्यूत कळलं. हायरिंग मॅनेजरने सुरुवातच अशी केली: ‘इथे लिहिलंय की तुम्ही मीटिंगमध्ये “मला माहीत नाही, उद्या सांगते” म्हणता आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगता.’ ते वाक्य मला सुचलं नसतं. माझी ती सवय आहे हेही मला ठाऊक नव्हतं. त्यानंतरची दहा मिनिटं आम्ही त्या एका वाक्यावरच बोलत होतो, आणि मी त्या दिवशी पहिल्यांदा इंटरव्ह्यूत घाबरलेली नव्हते.

कुणीच ओळखीचं नसेल तर

मग अनोळखी माणसाकडे जावं लागतं, पण रेफरल मागायला जाऊ नका. १५ मिनिटं मागा, आणि ती कशासाठी ते नेमकं सांगा. ‘तुमच्या प्रवासाबद्दल ऐकायला आवडेल’ असे मेसेज मला आठवड्याला तीन-चार येतात आणि ते मी तसेच ठेवून देते, उर्मटपणा म्हणून नव्हे, काय उत्तर द्यायचं तेच कळत नाही म्हणून. याउलट एका मुलीने लिहिलं होतं: ‘तुमच्या अ‍ॅपमध्ये नोटिफिकेशन बंद करायची सोय तीन पडदे आत आहे. मी सपोर्टमध्ये आहे, आमच्याकडे याच कारणाने लोक अ‍ॅप काढून टाकायचे. तुम्ही हे मुद्दाम आत ठेवलंय का, एवढंच विचारायचं होतं.’ मी दहा मिनिटांत उत्तर दिलं. मुद्दाम ठेवलेलं नव्हतं, राहून गेलं होतं.

तिच्याशी दोनदा बोलणं झालं. दुसऱ्या वेळी तिने तिच्या कंपनीत केलेल्या एका बदलाची दीड पानाची टिपणी दाखवली, नावं-आकडे झाकून. मग तिने रेफरलबद्दल विचारलं तेव्हा चौकोनात लिहायला माझ्याकडे काहीतरी होतं: ‘एकत्र काम केलेलं नाही, पण तिने आमच्या प्रॉडक्टमध्ये असलेली चूक शोधली आणि तिची विचार करायची पद्धत मी दोन वेळा पाहिली आहे.’ तिला फोन आला. सहकाऱ्याच्या साक्षीइतकं हे वजनदार नसतं, पण त्या मुलाच्या ‘रेझ्युमे चांगला वाटला’पेक्षा कितीतरी पुढे.

इथे एक खबरदारी. न मागता २० पानांचं ‘तुमच्या अ‍ॅपचं रीडिझाइन’ पाठवू नका. आतल्या अडचणी माहीत नसताना केलेलं ते काम उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं दिसतं. एक निरीक्षण, एक प्रश्न. पुरे.

आणि पैसे देऊन रेफरल घेऊ नका. असा धंदा चालतो. विकणारा तुम्हाला ओळखत नाही, त्याच्या चौकोनात खोटं जातं, आणि उघडकीला आलं तर तुमचा अर्ज आणि त्याची नोकरी दोन्ही धोक्यात.

सध्याच्याच कंपनीत पीएमची जागा निघत असेल तर ती आधी बघा. तिथे फॉर्मची गरजच नसते, साक्षीदार पुढच्या टेबलावर बसलेले असतात. माझ्या कंपनीत तेव्हा जागा नव्हती, नाहीतर मी हा सगळा खटाटोप केला नसता.

रेफर केल्यानंतर

रेफर करणाऱ्याला तुमच्या अर्जाचं पुढे काय झालं ते बरेचदा दिसत नाही, दिसलं तरी ‘प्रक्रियेत’ एवढंच. म्हणून त्याला दर दोन दिवसांनी ‘काही कळलं का’ विचारू नका. आठ-दहा दिवसांत काहीच हालचाल नाही झाली तर एकदा विचारा, रिक्रूटर कोण आहे ते समजेल का एवढंच. इंटरव्ह्यूचे प्रश्न त्याला विचारू नका, बिचाऱ्याची अडचण होते. ती टीम सध्या कशाच्या मागे आहे, मॅनेजरला कशाची काळजी आहे, हे विचारायला हरकत नाही. सांगण्यासारखं असेल तेवढं तो सांगेल.

फोन आला की त्याला कळवा. राउंड झाला की कळवा. नकार आला तर त्याच दिवशी कळवा. हे शेवटचं कुणी करत नाही. लाज वाटते, आपण त्याचं नाव खाली केलं असं वाटतं. मी ज्यांना रेफर केलं त्यातल्या बहुतेकांचं काय झालं ते मला पोर्टलवरूनच कळलंय.

टेस्टरच्या कंपनीत मी तिसऱ्या राउंडला पडले. मेट्रिक्सच्या प्रश्नावर गडबडले, ‘तिकिटं कमी झाली म्हणजे ग्राहक खूश झाला कशावरून, तो सोडून गेला नसेल कशावरून’ असं मॅनेजरने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी टेस्टरला सगळं जसंच्या तसं लिहिलं, कुठे अडकले तेही. पुढच्या आठवड्यात त्या प्रश्नाचं उत्तर जुन्या डेटातून काढलं (सोडून गेले नव्हते, निदान बरेचसे) आणि आभाराच्या ईमेलमध्ये रिक्रूटरला पाठवलं. त्यावर उत्तर आलं नाही, अपेक्षाही नव्हती. अशा नकारानंतर पुन्हा अर्ज करायला अनेक कंपन्या सहा महिने ते वर्षभर थांबायला लावतात, म्हणून मी ती ओळ शीटमध्ये राखाडी करून टाकली.

आठ महिन्यांनी टेस्टरचा मेसेज आला. ‘बिलिंगला अजून एक पीएम घेतायत. मॅनेजर विचारत होता, ती “उद्या सांगते” वाली अजून शोधतेय का. तू लगेच अर्ज करू नकोस हां, आधी मला फॉर्म भरू दे.’